आत्मचरित्रातली निर्णयाची पानं: मोठ्या माणसांच्या आठवणींतून नेतृत्व कसं शिकावं

चार माणसांची जबाबदारी अंगावर पडली की कुणीतरी एखादं आत्मचरित्र हातात ठेवतंच. कंपनीत नव्याने टीम लीड झालेला, शाळेची मुख्याध्यापिका झालेली, सोसायटीच्या सचिवपदाची माळ गळ्यात पडलेला, सगळ्यांना सल्ला एकच: मोठ्या लोकांनी काय लिहून ठेवलंय ते वाचा. वाचून होतं काय? दहाबारा वाक्यांखाली पेन्सिलीच्या रेघा, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला एक सुविचार, आणि सोमवारी कामावर मागच्या पानावरून पुढे.

याला पुस्तकापेक्षा आपली वाचायची सवय जास्त जबाबदार आहे. लेखक जिथे ‘यातून मी हे शिकलो’ असं सांगतो, तिथे आपण रेघ मारतो. माझ्या मते आत्मचरित्रातला सगळ्यात कमी कामाचा मजकूर तोच. निकाल लागून वीस-तीस वर्षं झाल्यावर, गादीवर बसून लिहिलेला. खरा माल त्याच्या आधीच्या पानांवर असतो: खिशात किती पैसे होते, कोण नको म्हणत होतं, ठरवायला किती वेळ होता, चुकलं असतं तर काय गेलं असतं. ती पानं शोधून त्यांच्याशी झटापट कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो. एका पुस्तकाला महिना-दीड महिना लागेल असं धरून चाला.

१. आधी स्वतःची अडचण लिहा, मग पुस्तक निवडा

वाचनालयात जाऊन सर्वात प्रसिद्ध माणसाचं पुस्तक उचलू नका. कागदावर एका वाक्यात लिहा: मला सध्या नेमकं काय जमत नाहीये? ‘माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठी माणसं माझ्या हाताखाली आहेत’, ‘संस्थेकडे पैसा नाही आणि समाजाचा विरोध आहे’, ‘वरचे साहेब आणि खालची माणसं यांच्यामध्ये मी चेपला जातोय’, असं काहीतरी.

आता त्या अडचणीतून गेलेला माणूस शोधा. संस्था शून्यातून उभी करायची असेल तर धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ (१९१५). पुढाऱ्यांशी आणि सरकारी खात्यांशी रोज कुस्ती असेल तर ‘अमूल’चा दूध सहकार उभारणारे वर्गीज कुरियन. ध्यानीमनी नसताना खुर्चीवर बसावं लागलं असेल, तर ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या कॅथरीन ग्रॅहम यांचं ‘पर्सनल हिस्टरी’ (१९९७). घरातल्याच माणसांच्या विरोधात उभं राहून काही शिकायचं, करायचं असेल तर रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०). हे शेवटचं पुस्तक लोक पतिभक्तीची कहाणी म्हणून वाचतात. घरातल्या बायकांचा रोष पत्करून इंग्रजी शिकणारी तरुण सून विरोध कसा झेलते, कुठे गप्प बसते आणि कुठे हटत नाही, हे त्यात बघा. पुढे १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं करणारी बाई त्या घरात घडताना दिसते.

२. वाचायच्या आधी तीन गोष्टी तपासा

कधी लिहिलं, कुणी लिहिलं आणि कुठे थांबलं.

कधी लिहिलं याने खूप फरक पडतो. कुरियन यांचं ‘आय टू हॅड अ ड्रीम’ २००५ मध्ये आलं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी १९९८ मध्ये सोडलं होतं आणि मंडळाच्या नव्या धोरणांशी त्यांचे उघड मतभेद होते. म्हणजे पुस्तक लिहिताना हा माणूस एक लढाई लढतच होता. सहकाराबद्दलचे त्यातले ठाम उद्गार वाचताना हे डोक्यात ठेवलं, तर कोणती वाक्यं गुजरातमधल्या १९५० च्या आणंदबद्दल आहेत आणि कोणती २००५ च्या भांडणाबद्दल, हे वेगळं करता येतं.

कुणी लिहिलं? कुरियन यांनी सांगितलं आणि गौरी साळवी यांनी लिहून घेतलं. कलाम यांचं ‘विंग्ज ऑफ फायर’ (मराठीत ‘अग्निपंख’) अरुण तिवारींच्या सोबतीने झालं. यात गैर काही नाही. फक्त भाषेच्या सफाईवरून त्या माणसाच्या स्वभावाचा अंदाज बांधू नका.

आणि कुठे थांबलं? यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’ अनेकजण ‘महाराष्ट्र घडवणाऱ्याचं नेतृत्व’ शिकायला म्हणून घेतात. ते १९४६ च्या सुमारास थांबतं. मुख्यमंत्रिपद, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, १९६२ ला संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जाणं, यातलं काही त्यात नाही. पुढचे खंड लिहायचा त्यांचा मानस होता, पण पुस्तक आलं त्याच वर्षी, १९८४ मध्ये, ते गेले. त्यामुळे तिथे राज्यकारभार शोधू नका. कराडच्या शाळेत ‘मी यशवंतराव चव्हाण होणार’ असं चिठ्ठीवर लिहिणारा गरीब घरातला मुलगा माणसं कशी जोडत गेला, ते शोधा. पंचविशीतल्या वाचकाला तोच भाग जास्त उपयोगी आहे.

३. निर्णयाच्या दाराशी पुस्तक मिटा

सगळ्या पद्धतीचा गाभा हाच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पुस्तक एकदा भराभर वाचा, कादंबरी वाचावी तसं. जिथे लेखकापुढे दोन रस्ते आले आणि दोन्हींत काहीतरी गमवायचं होतं, त्या पानांवर चिठ्ठ्या लावा. जाड पुस्तकातही अशा जागा फार नसतात. मग दुसऱ्या फेरीत त्या चिठ्ठीपर्यंत या, निर्णयाच्या आदल्या परिच्छेदाला पुस्तक मिटा आणि स्वतः ठरवा: मी काय केलं असतं? हे लिहूनच काढा. मनातल्या मनात ठरवलं की आपण सगळेच शहाणे निघतो.

कॅथरीन ग्रॅहमचं उदाहरण घेऊ. ऑगस्ट १९६३ मध्ये नवऱ्याने आत्महत्या केली आणि कंपनी हिच्या हातात आली. धंद्याचा अनुभव नाही, बैठकांत बहुतेक वेळा ती एकटीच बाई, स्वतःवर विश्वास तर नाहीच. हे सगळं ती लपवत नाही, म्हणूनच पुस्तक मोलाचं. आठ वर्षांनी, जून १९७१. व्हिएतनाम युद्धाबद्दलची गुप्त सरकारी कागदपत्रं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १३ तारखेपासून छापायला घेतली आणि कोर्टाने त्यांना थांबवलं. मग तीच कागदपत्रं ‘पोस्ट’च्या हाती लागली. इकडे १५ जूनलाच कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आलेले. फौजदारी खटला झाला तर शेअरविक्रीचा व्यवहार अडचणीत, शिवाय कंपनीच्या टीव्ही केंद्रांचे परवानेही धोक्यात.

१७ जूनची संध्याकाळ. तिच्या घरी एका निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यासाठी पार्टी चालली आहे, ती त्याच्याबद्दल चार शब्द बोलते आहे, आणि तिला फोनवर बोलावलं जातं. संपादक म्हणतात, आजच छापा, थांबलो तर न्यूजरूम खचेल. वकील म्हणतात, थांबा. कंपनीचा अध्यक्ष फ्रिट्झ बीबी हा तिच्या सर्वात भरवशाचा माणूस. ती त्याला विचारते, तुम्ही काय कराल? तो म्हणतो, मला वाटतं, मी छापणार नाही.

इथे पुस्तक मिटा.

हातात वही घ्या आणि लिहा. कंपनी शेकडो लोकांची आहे, शेअरधारकांचा पैसा आहे, भरवशाचा सल्लागार नको म्हणतोय, छपाईची वेळ टळत चाललीय. तुमचं उत्तर? ‘सत्यासाठी छापेन’ असं एका ओळीत लिहून मोकळे झालात तर ते खोडा. खटला भरला तर पगार कसे देणार, हेही लिहा.

मग पुस्तक उघडा. तिने छापायला सांगितलं. पण आपल्या कामाचा तपशील पुढे आहे: बीबीचं ‘नको’ मवाळ होतं, ते ज्या सुरात आलं त्यात तिला स्वतःचा निर्णय घ्यायला जागा ठेवलेली होती, असं तिला जाणवलं. तो ठासून बोलला असता तर तिचं उत्तर कदाचित वेगळं आलं असतं. सल्ला कसा घ्यावा आणि कसा द्यावा, याचा याहून चांगला तास मला तरी कुठल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात सापडलेला नाही. तुमच्या हाताखालची माणसं तुम्हाला ‘नको’ म्हणताना जागा ठेवतात का? तुम्ही वरिष्ठांना सल्ला देताना ठेवता का?

३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. तो आकडा वहीत लिहू नका. निकाल उलटा लागला असता तरी १७ तारखेचा निर्णय तोच राहिला असता, आणि आपल्याला त्या संध्याकाळचाच अभ्यास करायचाय.

४. वही कशी मांडायची

साधी दोनशे पानी वही पुरे. एका निर्णयाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर पाच ओळी: तारीख आणि तेव्हाचं वय, हाताशी काय होतं (पैसा, माणसं, अधिकार), कोण काय म्हणालं, पर्याय कोणते, माझं उत्तर. मग पुस्तक उघडून उजव्या पानावर: प्रत्यक्षात काय केलं, किंमत कोणी मोजली, लेखक कुठे गप्प बसला.

वयाची ओळ कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका. ग्रॅहम त्या संध्याकाळी ५४ वर्षांची होती. कुरियन १३ मे १९४९ ला आणंदला उतरले तेव्हा २७ वर्षांचे होते, आणि तेही स्वतःच्या इच्छेने आले नव्हते. परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीच्या कराराने त्यांना तिथे आणलं होतं. हे लिहिलं की ‘द्रष्टा माणूस’ वगैरे शब्द आपोआप गळून पडतात.

‘किंमत कोणी मोजली’ ही ओळ भरायला सर्वात अवघड जाते. लेखक स्वतःचे कष्ट मन लावून सांगतो, दुसऱ्याचे ओझरते. म्हणून पुढची पायरी.

५. दुसरा साक्षीदार उभा करा

एका माणसाच्या सांगण्यावरून कोर्ट निकाल देत नाही, आपणही देऊ नये. तोच प्रसंग दुसऱ्या कुणी लिहिलाय का ते शोधा. ग्रॅहमच्या बाबतीत संपादक बेन ब्रॅडली यांचं ‘अ गुड लाइफ’ (१९९५) आहे; फोनच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं ते त्यात मिळतं.

मराठीत तर याहून मोठा खजिना आहे: एकाच घरातली दोन आत्मचरित्रं. कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचं ‘माझे पुराण’ (१९४४). ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली नाहीत तर कर्वे अर्धेच कळतात.

‘आत्मवृत्ता’त एक शिस्तीचा, हट्टी, अजिबात आवाज न चढवणारा माणूस भेटतो. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला भर पावसात डोंगर तुडवत चालत जाणारा, आणि तिथे ‘फारच लहान दिसतोस’ म्हणून परीक्षेला न बसवलेला मुलगा. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमाकडे पायी जाणारा प्राध्यापक. जे हाती येईल ते संस्थेला. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. एकट्याचं पुस्तक वाचलं की आपण त्यागापुढे हात जोडतो.

‘माझे पुराण’ उघडलं की तोच त्याग स्वयंपाकघरातून दिसतो. नवरा पैसा घरात ठेवत नाही, उद्या त्याला काही झालं तर पोरांनी काय खायचं, हा प्रश्न तिथे विचारलेला आहे, आणि न भिता विचारलेला आहे. बाया स्वतः बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, १८९३ मध्ये पुनर्विवाह करून मुरुडचा बहिष्कार सोसलेल्या. सुधारणेला त्यांचा विरोध असायचं कारणच नव्हतं. त्यांचा सवाल एवढाच होता की बिल माझ्या नावावर का फाडताय?

स्वयंसेवी संस्था चालवणाऱ्या, स्टार्टअप काढणाऱ्या, गावकीच्या कामात रात्र रात्र घराबाहेर असणाऱ्या प्रत्येकाने ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचावीत. आणि शक्य असेल तर दुसरं आधी.

दुसऱ्या साक्षीदाराचं पुस्तकच नसेल तर? तर लेखकाने ज्याला खलनायक केलंय त्याच्या खुर्चीत बसून बघा. कुरियन यांच्या पुस्तकात मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी हे आणंदच्या वाटेत आडवे येणारे अधिकारी म्हणून दिसतात. थंडीत म्हशी जास्त दूध देतात, मुंबईची गरज मात्र तेवढीच राहते. जादा दूध मुंबई घेईना, तर आणंदभोवतीच्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने ते ओतून द्यायचं का, हा कुरियन यांचा रास्त संताप. त्यातूनच म्हशीच्या दुधाची भुकटी करायची धडपड झाली. होणारच नाही असं बाहेरचे तज्ज्ञ म्हणत असताना ते तंत्र बसवलं एच. एम. दलाया यांनी, आणि १९५५ मध्ये आणंदला कारखाना उभा राहिला. आता खुरोडींच्या बाजूने बघा. आरे कॉलनीच्या उभारणीत आणि स्वस्त टोन्ड दुधाच्या कल्पनेत त्यांचा मोठा वाटा. त्यांची नोकरी मुंबईकराच्या पोराला परवडणारं दूध पाजण्याची होती, खेडा जिल्ह्याची नव्हती. दोघेही आपापल्या माणसांशी इमानदार होते. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार कुरियन, खेडा दूध संघाचे त्रिभुवनदास पटेल आणि खुरोडी या तिघांना मिळून दिला गेला, हे कळलं की भांडणाचं चित्र बदलतं. तुमच्या कचेरीत ज्या खात्याशी रोज वाजतं, त्या खात्याच्या प्रमुखाला नेमकं कशाबद्दल जाब द्यावा लागतो, हे एकदा विचारून बघा.

६. नायकाचा साहेब शोधा

१० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या यानाचं पहिलं उड्डाण फसलं आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पप्रमुख कलाम होते. पत्रकारांपुढे मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन बसले आणि जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० ला उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा पत्रकार परिषदेला त्यांनी कलामांना पुढे केलं. कलाम हा प्रसंग भाषणांतून आवर्जून सांगत. त्यातला नेता कोण? बहुतेक आत्मचरित्रांत असा एक माणूस कोपऱ्यात उभा असतो, ज्याने स्वतः पुस्तक लिहिलेलं नसतं. कुरियन यांच्याकडे त्रिभुवनदास पटेल होते: खेडा संघाची स्थापना १९४६ ची, कुरियन यायच्या तीन वर्षं आधीची. गावोगाव फिरून शेतकऱ्यांचा विश्वास त्रिभुवनदासांनी कमावलेला होता, म्हणून कुरियन यांच्या यंत्रांना दूध मिळालं. त्याच माणसाने परत निघालेल्या कुरियनना नवी यंत्रं बसेपर्यंत थांबायला राजी केलं, आणि पुढे त्यांच्या कामात लुडबूड केली नाही. मधल्या फळीतल्या वाचकाने कोपऱ्यातल्या या माणसाला वहीत स्वतंत्र पान द्यावं.

याच फेरीत नशीबही वजा करून टाका. घराणं, जात, ओळखी, योग्य वेळी आलेला मंत्री, जे तुमच्याकडे नाही त्यावर काट मारा. उरेल तेवढंच तुमच्या कामाचं. काही पुस्तकांत फारसं काही उरत नाही. तीही माहितीच आहे.

७. एकच गोष्ट उचला आणि तारीख घाला

वहीतले दहा निर्णय एकदम अंगात येत नाहीत. एक घ्या. तो वृत्तीच्या भाषेत लिहू नका (‘धाडसी व्हायचं’), कृतीच्या भाषेत लिहा.

उदाहरणार्थ, कर्व्यांची एक चाल. १८९३ मध्ये त्यांनी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ काढली. दोन वर्षांत नाव बदलून ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ केलं. म्हणजे आम्ही लग्नं लावत फिरत नाही, आडकाठी तेवढी दूर करतो. आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढताना पुनर्विवाहाचा प्रचार त्यातून बाहेरच ठेवला, कारण सनातनी घरातला बापही आपली विधवा मुलगी शिकायला पाठवेल अशी जागा त्यांना हवी होती. स्वतः पुनर्विवाह केलेल्या माणसाने हे करणं किती कठीण गेलं असेल. सुधारक मंडळींपैकी काहींना हा कच खाणं वाटलं. तुम्हाला काय वाटतं ते वहीत लिहा. माझं मत कर्व्यांच्या बाजूने आहे.

आता हे सोसायटीत आणा. गच्चीवर सोलर बसवायचंय, पण त्याच सभेत पार्किंगच्या जागांचं वाटपही आहे, आणि पार्किंगवरून चिडलेले सभासद सोलरच्या विरोधात हात वर करतात. कर्व्यांकडून घ्यायची कृती: सोलरसाठी वेगळी सभा, अजेंड्यावर एकच विषय, पार्किंगला महिन्यानंतरची तारीख. ‘सर्वांना सोबत घेऊन चालावं’ या वाक्यातून ही सभा कधीच निघाली नसती.

कृतीपुढे तारीख घाला, आणि झाल्यावर त्याच पानावर निकाल लिहा. फसलं तर का फसलं तेही, कारण तुमची सोसायटी म्हणजे १८९६ चं पुणे नव्हे.

८. जमलं तर चौघांत वाचा

एकट्याने वाचताना माणूस स्वतःला नायकाच्या जागी बसवतो. चौघांत वाचलं तर कुणीतरी बायाच्या बाजूने बोलतं, कुणीतरी खुरोडींच्या. फार मोठा गट नको, भाषणं सुरू होतात. प्रत्येक बैठकीला एकच निर्णय. एकाने तो दाराशी आणून सोडायचा, बाकीच्यांनी दहा मिनिटं गप्प बसून आपापलं उत्तर लिहायचं, मगच पुस्तक उघडायचं. ज्याने पुस्तक आधी वाचलंय त्याने निकाल सांगायचा नाही, ही एक अट कडक ठेवा. गटात एकजण तरी वयाने किंवा पदाने कनिष्ठ असावा आणि त्याने सर्वात आधी वाचून दाखवावं. साहेबाने आधी वाचलं की बाकीच्यांच्या वह्यांमध्ये बसल्या जागी खाडाखोड सुरू होते.